वासराच्या नावाने औषध

३ मे १९३४

भुरीने आजही अन्नाला तोंड लावलं नाही! डोळ्यांतून पाणी, नाक वाहतंय, जबडा उघडून पाहिला तर जिभेवर फोड. वर हगवण. पडवीत गोणपाटावर पडून असते. हाक मारली की शेपटीचं टोक तेवढं हलवते.

ह्यांची मनिऑर्डर नाही. गोंदियाच्या बिडी कारखान्यात मुनीम म्हणायला, पगाराचं नाव काढलं की मालक बाहेरगावी! घरात तांदूळ आहे, मीठ आहे. बाकी ठणठणाट.

शेजारची दुर्पता लोटाभर दूध ठेवून गेली. 'घ्या जी बाई, उरूनच राहिलं.' पैशाचं विचारलं नाही. तिला वाटलं असेल, मुनिमाच्या बायकोला चहाला दूध नाही. मांजरासाठी हवं होतं हे मीही बोलले नाही. गावात माणसं तापाने फणफणलीत, आणि मी मांजरासाठी रडतेय. कोणाला सांगू!

४ मे

टोपलीत घालून, वर पदर टाकून भुरीला वैद्याकडे नेलं. तो म्हणाला, 'सुशिलाबाई, मांजर? मांजराची नाडी पाहू आता?' ओट्यावरची सगळी हसली.

आणि मीही हसले! 'नाही हो, पोरं मागे लागली म्हणून आणलं' — असं म्हणाले मी. माझ्या घरी पोरं! लग्नाला इतकी वर्षं झाली, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

६ मे

भुरी उभी राहते ती धडपडते. चमच्याने पाणी घालते, अर्धं सांडतं.

दुर्पताने आजही दूध दिलं. तिचं तांबडं वासरू रोज कुंपणाशी यायचं, हल्ली दिसत नाही. विचारलं. 'शेतावर नेलं जी,' म्हणाली आणि लगेच वळली. कामाची घाई असेल. शनिवारच्या बाजारात कालवड विकायची आहे म्हणे तिला, त्याच पैशात पेरणी.

गावचे मुकद्दम पतिरामजी सांगत होते, तिरोड्याला ढोरांचा डॉक्टर आलाय. शेतकऱ्याच्या जनावराला औषध फुकट. फुकट! मांजर जनावर नाही का? पण आम्हाला शेत कुठे आहे.

७ मे

तिरोड्याला जाऊन आले. पतिरामजींची बैलांची दमणी जाणारच होती, तीत बसले.

डॉक्टर तरुण, चष्मेवाला. पुढे-मागे सगळे शेतकरी. माझी पाळी आली. 'बोला बाई.' मांजर म्हणायला तोंड उघडलं, आणि ओट्यावरचं ते हसणं आठवलं. तोंडातून निघून गेलं — 'वासरू आजारी आहे.'

'कोणाचं?'

'शेजारणीचं. दुर्पताबाईचं.'

वासरू तेवढं खोटं. बाकी सगळं भुरीचं खरंखरं सांगितलं. डोळे, नाक, जिभेवरचे फोड, हगवण. डॉक्टर लिहायचा थांबला. दुसऱ्या जनावरांना लागलंय का, गाव कोणतं, दोन-दोनदा विचारलं. किती कळकळीचा माणूस, म्हटलं! तोंड धुवायची लाल पूड दिली, पोटासाठी दुसरी दिली. वासराचं माप भुरीला कसं द्यायचं? अंदाजाने चिमटीच्या टोकावर घेतलं.

खोटं बोलले ते बोलले, वर दुसरीचं नाव लावलं. तीही जिचं दूध फुकट घेते ती!

८ मे

भुरीने पेज चाटली! तीनदा जीभ फिरवली. देवा, एवढं माफ कर.

९ मे

मेले मी. डॉक्टर सायकल घेऊन गावात हजर! मी सांगितली ती सगळी लक्षणं बुळकांडीची — गावचे गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. कोतवालाला घेऊन तो थेट दुर्पताच्या दारात. 'वासरू कुठे आहे?'

दुर्पताने आधी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, 'मेलं जी साहेब. धानाच्या बांधीत पुरलं.'

माझ्यासाठी! माझं खोटं तिने आपल्या अंगावर घेतलं!

गावातलं एकही जनावर शनिवारच्या बाजारात न्यायचं नाही, असा हुकूम झाला. सगळ्या ढोरांना सुई. पतिरामजी चवताळले, 'काऊन लपवलं वो? साऱ्या गावाले बुडवून राहिली काय?' ती मान खाली घालून उभी. कालवड गेली, पेरणी गेली. मी माझ्या दारात उभी. एक शब्द बोलले नाही. एक शब्द!

परवा डॉक्टर चुना घेऊन येणार. खड्डा नीट खोल आहे का, ते उकरून पाहणार.

१० मे

दुर्पताकडे गेले. आत ये म्हणाली नाही. 'झालं ते झालं. जा बाई.' रागावली आहे. रागवायलाच हवं.

रात्रभर तोच खड्डा डोळ्यांपुढे. उद्या रिकामा निघेल, सरकारशी खोटं बोलली म्हणून तिला धरतील. नाही. उद्या सगळ्यांसमोर सांगणार — वासरू नव्हतं, माझं मांजर होतं. हसू दे लोकांना पोट धरून. भुरीची शपथ!

११ मे

अख्खा गाव बांधीत जमला होता. मी पुढे झाले. 'साहेब, थांबा —' एवढंच म्हणाले, तोच फावडं अडलं.

आत वासरू होतं. तांबडं.

डॉक्टर म्हणाले, या बाईंनी वेळेवर सांगितलं म्हणून गाव वाचलं. पतिरामजींनी मला हात जोडले. आणि मी ते जोडून घेतले!

जाताना दुर्पता जवळून गेली. 'कुंपणावरून पाहिलं होतं, त माले सांगायचं जी बाई. कालवड विकेपर्यंत त थांबायचं.'

भुरी आज आपणहून उठली, दुधाच्या लोट्याशी जाऊन बसली. उरूनच राहिलं, म्हणायची दुर्पता. कोणाच्या तोंडचं उरलं, ते आज कळलं.