धुतलेल्या चाकांना लावलेले तेल

प्रिय तात्या,

आज दसरा, तुमच्याविना आलेला पहिला. कळसाडीच्या आपल्या अंगणात तुमची गाडी झेंडूची माळ घालून पूजेला उभी राहिली, पण तोरणमाळला गेली नाही. मी ती जाऊ दिली नाही. ज्या रीतीने ती थांबवली, त्याचा जाब मला विचारण्याचा अधिकार एकट्या तुम्हाला आहे. तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे.

चाकांवर चढणाऱ्या त्या काळ्या पुडीवरून आपले पहिले भांडण झाले होते, आठवते? "रस्तानी धूळ शे ती, दुसरं काय!" असे तुम्ही म्हणाला होतात. रस्त्याची धूळ! यंत्र अभियांत्रिकी शिकवणाऱ्या मुलीला हे ऐकवायचे धाडस तुम्हीच करू जाणे. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला धरतात, दोन्ही किंचित झिजतात आणि लोखंडाची तापलेली पूड उडून रिमवर बसते; घाट उतरताना तर सर्वाधिक. तशीच राहू दिली की गंजते आणि रंगात रुतते. हे सारे मी किती मुद्देसूद सांगितले होते! तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलेत आणि कोरडे फडके उचललेत. तात्या, कोरड्या फडक्याने ती पूड पुसणे म्हणजे रिमवर काचकागद फिरवणे!

पुढे मात्र तुम्ही माझ्यापेक्षा काटेकोर झालात, हे मान्य करते. चाके पूर्ण निवेपर्यंत पाणी नाही. चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळा. शाम्पूचे पाणी, मग स्वच्छ पाणी, मग मऊ कापड. आणि शेवटी रिमवर वॅक्सचा पातळ हात, म्हणजे पुढची पूड चिकटत नाही. तुमच्या हातचे चाक पाहून मला एकही दोष काढता येत नसे. हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही, कारण तुम्ही लगेच गावभर सांगितले असते.

पण का, ते तुम्ही धाकट्या प्रमोदला का नाही हो सांगितलेत? तुमच्यापाशी प्रत्येक कामाला एक वाक्य असे आणि त्या वाक्यापुढे प्रश्न विचारण्याची सोय नसे. "धुयेल लोखंड उघडं ठेवानं नही." नांगराचा फाळ, वखराची पास, विळे, कोयते, सारे धुऊन तेलाचा हात. शेतीतल्या लोखंडाला हे वाक्य अगदी योग्य आहे. त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तुम्ही त्याची हद्द आखली नाहीत यावर.

सकाळी प्रमोदने दसऱ्याची सगळी अवजारे धुतली, पुसली, तेल लावून ओळीने मांडली. गाडीही धुतली होती. चाके इतकी स्वच्छ की मी क्षणभर सुखावले. वाकून पाहिले, तर रिमच्या दांड्यांमधून आत दिसणारी डिस्कही चकाकत होती. कोरड्या धातूची चकाकी नव्हे ती! बोट लावले. शेंगदाण्याच्या तेलाचा वास आला.

"हे काय केलेस?"

"वॅक्सना डबा खाली व्हता, ताई. मंग तेल लायं. मधलाबी हात पुरस तठलोंग पुशी काढं. आते कशी पूड बठस तेच दखू!"

त्याच्या चेहऱ्यावर काय अभिमान होता! मी म्हणाले, ब्रेकच्या डिस्कला तेल लावलेस, पुढची दोन्ही चाके धरणार नाहीत, गाडी कुठेही जाणार नाही. माझा स्वर वर्गातला होता. त्याचे तिथेच बिनसले.

"तू प्रोफेसर व्हशी कॉलेजमा. आठे तात्यासनं चालस!"

आई तोपर्यंत मागच्या सीटवर बसलीसुद्धा होती, मांडीवर नारळ घेऊन. दर दसऱ्याला तुम्ही तिला गोरक्षनाथाच्या दर्शनाला नेत होतात. यंदा तो नेम चुकवायचा नाही, हे तिने कालच जाहीर केले होते. तुमची सून ज्योती पुढे बसून माळ सावरत होती. तोरणमाळचा घाट, तात्या! चढताना कदाचित काही कळलेही नसते. उतरताना?

"आई, खाली उतर."

"मी नही उतरत. वरीसना सण शे, तठे तुन्हं शास्तर नको काढू."

"ताई, तुम्हले येवानं नसीन ते ऱ्हावा घर," ज्योती हळूच म्हणाली. "आम्हना मुहूर्त काब्र मोडतस?"

मी घर्षण समजावले. तेलाचा थर समजावला. उतारावर गाडीचे वजन पुढच्या चाकांवर कसे येते, तेही समजावले. आयुष्यात इतके अचूक आणि इतके निरुपयोगी व्याख्यान मी दिले नव्हते. प्रमोदने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले. आईने डोळे मिटून हात जोडले.

आणि मी म्हणाले, "तात्यांनीच सांगून ठेवले आहे. लोखंडाला तेल, पण ब्रेकला नाही. माझ्यापाशी बोलले होते."

इंजिन बंद झाले.

तुम्ही असे कधीही म्हणाला नव्हतात! प्रयोगवहीत न घेतलेले वाचन लिहिणाऱ्याला मी परीक्षेला बसू देत नाही, आणि तुमच्या अंगणात, तुमच्या गाडीसमोर उभी राहून, तुम्ही न उच्चारलेले वाक्य मी तुमच्या तोंडी घातले. आईने डोळे उघडले. "तेस्नी सांगं व्हतं?" एवढेच विचारले, आणि नारळ सावरत उतरली. ज्योतीही उतरली. विज्ञानाने जे झाले नाही ते तुमच्या नावाने झाले. मला सुटल्यासारखे वाटले, आणि संतापही आला. दोन्ही एकाच वेळी.

प्रमोदला मात्र ते पटले नव्हते. मग मी केळीचे एक रिकामे क्रेट आणले, शेताकडे जाणाऱ्या सपाट वाटेवर ठेवले आणि त्याला म्हणाले, "एकटा बस. माणसाच्या चालीने ये आणि याच्या अलीकडे थांबव."

तो हसला. "ह्या टोपलाले काय घाबरस मी?"

गाडी आली. ब्रेक दाबलेला मला त्याच्या खांद्यांवरून कळला. पूर्ण जोर लावला होता. गाडी मंदावली, पण थांबली नाही. क्रेट कडकड मोडत बंपरखाली गेले, तेव्हा कुठे हँडब्रेक ओढून त्याने ती उभी केली. चालीच्या वेगाला हे! तो दार उघडून बाहेर आला. ओठ पांढरे पडले होते.

"ताई, दाबं व्हतं ना मी! थांबनीच नही!" मग घरापाशी उभ्या आईकडे पाहत म्हणाला, "तात्यानी बरोबर सांगेल व्हतं."

तात्यांनी! मी तोंड उघडले होते. तुमची मुलगी आहे. चूक दिसली की जीभ आवरत नाही. पण तो रडत होता, तात्या, आणि त्या वाक्याला धरून उभा होता. मी ते तसेच राहू दिले आणि त्याच्याबरोबर गाडी ढकलत अंगणात परत आणली.

मघापासून तो चाकापाशी बसून आहे. मी सांगितले तसा एकेका कापडाने तेल टिपतो आहे, कापड पुन्हा वापरत नाही. पॅड तेल प्यायले असतील, ते बदलावेच लागतील. उद्या मेकॅनिक इथे येईल, तोवर गाडी अंगणातून हलणार नाही. आईने नारळ इथेच, गाडीपुढे फोडला. आत्ताच प्रमोद ज्योतीला बजावत होता, "ध्यानमा ठेव, तात्या सांगेत, लोखंडले तेल, पन ब्रेकले नही." ती मान डोलावत होती. उद्या ते गल्लीत जाईल, परवा गावात.

खोट्या नोंदी मी कधी राहू दिलेल्या नाहीत, हे तुम्ही जाणता. पण हे वाक्य मी कधीही दुरुस्त करणार नाही. कुणी तुमचे म्हणून माझ्यासमोर सांगितले, तरी मी मान डोलावीन आणि ते माझे आहे असे एका शब्दाने सुचवणार नाही. हा माझा शब्द आहे.

तुमची,
सुनंदा