ताईच्या उरलेल्या किडनीच्या तपासणीबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
मूत्रपिंड प्रत्यारोपण विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : अर्जदाराच्या थोरल्या बहिणीस सोनोग्राफीसाठी लेखी बोलावणे धाडणेबाबत.
संदर्भ : मागील भेटीत आपण तिला केलेली व तिने हसण्यावारी नेलेली सूचना.

महोदया,

१. अर्जदार चष्मे दुरुस्तीचा व्यवसाय करीत असून ताईने दिलेली किडनी त्याच्या पोटात उत्तम काम करीत आहे. त्या किडनीवर निघालेली गाठ चरबीची व निरुपद्रवी आहे, तूर्त कापाकापी नको, दर सहा महिन्यांनी मोजमाप घेऊ, हा आपला निर्णय अर्जदारास मान्य आहे. ताईस तो मान्य नाही. स्वतः दिलेल्या वस्तूत खोट निघाली म्हणून ती ओशाळली असून, लेक सासरी दिलेल्या आईसारखी प्रत्येक तपासणीस हजर राहते. सोनोग्राफीवाल्या बाईंना ती नीट बघा, घाई करू नका असे बजावते, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे.

२. अर्जदाराच्या जेवणातले मीठ तिने तोडले आहे. गोळी घेतली का, हे ती ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकानात फोन करून विचारते. अर्जदाराने पन्नाशी ओलांडल्याचे तिच्या निदर्शनास आणूनही उपयोग झालेला नाही.

३. तशीच गाठ तिच्या उरलेल्या किडनीतही असू शकते, एकदा बघून घ्या, असे आपण तिला सांगितले होते. तिच्याकडे किडनी ती एकच आहे. अलीकडे जिना चढताना ती कुशीवर हात दाबून थांबते आणि विचारले तर, जिनाच मेला उंच बांधलाय, म्हणते. अर्जदाराने हात जोडले, भाचीने अबोला धरला. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. तिचे उत्तर ठरलेले : "माझ्यात काय बघायचंय? चांगली होती ती तुला दिली."
 खरे सांगायचे तर अर्जदार घाबरला आहे.

४. सबब विनंती, की जोडीतली दुसरी किडनी पाहिल्याखेरीज भावाच्या गाठीचा अंदाज बांधता येत नाही, असे तिला आपल्या सहीशिक्क्याने कळवावे. हे अर्धसत्य ठरल्यास उरलेल्या अर्ध्याचे पाप अर्जदाराच्या माथी. स्वतःसाठी ती दवाखान्याची पायरी चढणार नाही. भावाचे नाव काढताच धावत येईल. तिने आजवर स्वतःसाठी काही मागितलेले नाही, म्हणून तिच्या वतीने अर्जदार मागत आहे.

आपला नम्र, पण या बाबतीत हट्टी,
चष्मेवाला (ताईचा धाकटा भाऊ)

दिनांक : ताई बाजारात गेली असताना

सोबत :
१. अर्जदाराचे सोनोग्राफी अहवाल, सर्व.
२. ताईचा सोनोग्राफी अहवाल : एकही नाही.