टबातलं वजन

ता. ९, मंगळवार, सकाळचे साडेदहा

चि. थोरलीस आईचे आशीर्वाद.

तुला आई आहे हे आठवत असेल, असं धरून चालते. फोनवर सांगितलेलं तू चहा निवायच्या आत विसरतेस, म्हणून हा कागद. मागचा कुठे ठेवलास ते विचारत नाही. तुलाच माहीत नसणार.

मी हे टबात बसून सांगते आहे. हसू नकोस. टब कोरडा आहे, अंगावर शाल, पाठीला उशी, पायाशी जुन्या फरश्यांची दोन पोती. लिहितो आहे तुझा भाऊ, समोर कमोडच्या झाकणावर बसून. त्याचीच निंदा त्याच्याच हाताने लिहवून घेण्यासारखं सुख नाही. मला अक्षर येत नाही म्हणून मध्येच काही गाळेल, त्यासाठी दर चार ओळींनी वाचायला लावते.

(ताई, खरंच लावते.)

तर कारभार ऐक. तुझे बाबा जाईपर्यंत चाळीस वर्षं प्लंबर. त्यांचा मुलगा विम्याच्या कचेरीत कागद सरकवतो, आणि पंधरा दिवसांची रजा काढून मोबाइलवरच्या एका टकल्या माणसाकडून टब बसवायला शिकतो. प्लंबर बोलाव म्हटलं, तर "मीच करतो." जुनी फरशी फोडताना नळीच फोडली. नवा टब दारातून आत येईना, तेव्हा या शहाण्याने दार मोजलं. मग चौकट काढली. पातळी बघायची ती बुडबुड्याची पट्टी टबावर ठेवून बुडबुडा मधे येईपर्यंत असा श्वास धरून बसे, की मला वाटलं आता यालाच दवाखान्यात न्यावं लागतं.

भिंत आणि टब यांच्या फटीत ते पांढरं सिलिकॉन भरतात ना, ते त्याने भरलं. वाळलं. टबात उभा राहून बघतो तर पुन्हा फट. सगळं खरवडलं, पुन्हा भरलं. पुन्हा फट. काल दुपारी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी दारात उभी राहून म्हटलं, "काय रे गळकोबा, झालं का?"

हे नाव तू विसरली असशील, विसरणं तुझ्या हातचा मळ. हा अकरा वर्षांचा असताना बाबांचा पाना घेऊन स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला गेला आणि पाणी छताला लागलं. बाबांच्या हाताखालची माणसं जेवायला आली होती. सगळ्यांसमोर मी नाव ठेवलं, गळकोबा. घरभर झालं, मग शाळाभर. बाबा हसले नव्हते. मी हसले. हा फडकं घेऊन एकटा पुसत होता. त्यानंतर याने पान्याला हात लावला नाही, तो थेट या महिन्यात.

का थांबलास? लिही.

तू हुकूम सोडलास की रविवारी गाडी आणते, आईला घेऊन जाते, ते बाथरूम तिच्या जिवावर उठलंय. मीही तोऱ्यात म्हटलं, याच्या टबातून थेंब जरी गळला तरी येते. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. तुला मी सांगितलं होतं की बाथरूममध्ये जरा टेकले. टेकले नव्हते. पडले होते, आणि याने येऊन उचलेपर्यंत पाऊण तास तशीच होते. डॉक्टर म्हणाला, कंबरेला गरम पाण्याचा शेक हवा. दुसऱ्याच दिवशी याने रजेचा अर्ज टाकला.

आता मुख्य. टब रिकामा असताना फट भरायची नसते. टब वजनाने खाली बसतो आणि जोड उघडतो. आधी वजन टाकायचं, मग भरायचं, आणि जोड धरेपर्यंत वजन हलवायचं नाही. तुझ्या बाबांच्या तोंडून हे शंभरदा ऐकलं आहे. पहिल्यांदा फट पडली तेव्हाच मला ठाऊक होतं. दुसऱ्यांदाही. मी दारात उभी राहून बघत होते आणि गप्प होते. घर सुटलं तरी चालेल, पण माझा शब्द खरा ठरला पाहिजे, अशी मी बाई. याला नावं ठेवण्यात जन्म गेला, आणि त्यात माझ्यासारखं कुचकं कोणी निघालं नाही.

वाचून दाखव. नको, राहू दे. कळलं मला, लिहिलं आहेस.

आज सकाळी याला सांगितलं. वजनासाठी टबात पाणी भरायचं, तर हा चुकीचा वॉशर घेऊन आला आहे, पाणी बंद. मग म्हटलं, मला ठेव. त्याने मला उचललं आणि टबात बसवलं, काचेचं भांडं ठेवावं तसं. मग फट भरली. आता तीन तास हलायचं नाही.

मघाशी विचारत होता, "आई, तरीही गळला तर?"

मी म्हटलं, "तर दोघं मिळून पुसू."

तेव्हा रविवारी गाडी आणू नकोस. मी येत नाही. बॅग रिकामी करायला हवी, पण आत्ता उठता येत नाही.

खाली अंगठा माझा, सिलिकॉनच्या नळीत उरलं होतं त्याचा. आता निघायचा नाही.

— तुझी आई, सध्या वजन

ता. क. बाबा काम न गळता झालं की हाताखालच्या माणसाला खिशातला खजूर द्यायचे, आठवतं? नसेलच. एक पाकीट खजूर पाठव. बियांचा चालेल, मऊ बघत बसू नकोस. मी खाणार नाही.