आर्मांदोबद्दल मी सांगितलेले खोटे

मी, दिनकर आत्माराम शेजवलकर, वय सहासष्ट, राहणार हॅनोव्हर, हे माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहितो. यकृत गेले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे.

१. राहते घर पत्नी नंदिनी हिचे. मेव्हणे दत्ता यांनी कढीपत्त्याची दोन झाडे जादा पाणी घालून मारली. तिसऱ्याला त्यांनी हात लावू नये.

२. बँकेतील ठेवी व हत्यारांची पेटी कन्या देवश्री हिला.

३. कपाटातील गोलकीपरचे हातमोजे माझे नाहीत. १९९० साली मी लाइपझिगला पीएच.डी. करत होतो आणि एका कारखान्याच्या संघातून फुटबॉल खेळत होतो. मोझांबिकहून आलेला कामगार आर्मांदो आमचा गोलकीपर. पूर्व जर्मनी हा देशच तीन आठवड्यांत संपणार होता, तरी त्याच्या शेवटच्या चषकाचे सामने चालू होते. पात्रता फेरीत आर्मांदोने पेनल्टी अडवली, आम्ही जिंकलो. बाहेर परदेशी माणसांना मारणारी, डोकी भादरलेली नवनाझी टोळी उभी होती. आम्ही दोघे ट्रामकडे धावलो. मी आधी चढलो, हातमोजे असलेली त्याची बॅग माझ्याच हातात. तो पोचेपर्यंत दार लागले. त्याने काचेवर थापा मारल्या.

“तुमच्याबरोबरचा आहे का हा?” चालकाने विचारले.

“नाही,” मी म्हणालो. ट्राम निघाली.

इस्पितळात मी त्याला भेटायला गेलो नाही. महिन्याभरात त्याला मायदेशी पाठवले.

४. मी त्याला हात देऊन आत ओढले आणि त्याने आठवण म्हणून हातमोजे दिले, ही गोष्ट खोटी आहे. ती मी इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सांगून टाळ्या घेतल्या. देवश्रीने शाळेत या गोष्टीवर निबंध लिहिला, तेव्हाही गप्प राहिलो. माझ्या अंत्यविधीत ती कोणी सांगू नये.

५. टेबलाच्या खणात त्याचे १९९२चे पत्र आहे. “डावा डोळा गेला,” त्याने लिहिले आहे. “पण तू ट्राममध्ये चढलेला दिसलास, बरं वाटलं. नीट पोचलास ना?” मी उत्तर दिले नाही. देवश्री, पत्त्यावर स्वतः जा. तो नसेल तर त्याच्या मुलांना भेट. हातमोजे दे. “बाबांना जमलं नाही” असे म्हणू नकोस. “बाबा घाबरले, आणि नंतर खोटं बोलले” असे सांग.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मी मुद्दाम बोलावले, हे मोठ्याने वाचावे लागावे म्हणून. वाचताना नंदिनी उठून आत गेली. बऱ्याच वेळाने येऊन म्हणाली, “अहो, तारीख लिहा.”

हॅनोव्हर, ९ नोव्हेंबर २०२५
सही: दि. आ. शेजवलकर
ऐकून सह्या करणारे: शोभना केळुसकर, उत्कर्ष भिडे