रक्त घेतल्याची वेळ

गिरडच्या खालचं आपलं घर
बुधवार

प्रिय ज्योत्स्ना,

आधी यादी देतो. या दोन हातांनी मी केलेल्या वस्तू: डासांच्या अळ्या मोजायची पळी, पांढऱ्या एनॅमलची, बांबूचा दांडा लावलेली, कारण पांढऱ्यावर अळी दिसते आणि स्टीलवर फसवते. गप्पी माशांच्या दोन टाक्या, त्यातली एक गळते, दुसरी नाही. गावातल्या संडासांच्या एकशे चौसष्ट पाइपांवर जाळ्या. सुजलेले पाय धुवायला बसायची अकरा स्टुलं, सगळ्यांना उजवीकडे बोटभर उतार, पाणी वाहून जावं म्हणून. तुझ्या आजीच्या उजव्या पायाची चप्पल, ट्रॅक्टरच्या ट्यूबची, दर सहा महिन्यांनी नवी, कारण पायाची सूज थांबत नव्हती. आणि रक्ताच्या काचा, म्हणजे स्लाइडी, ठेवायची सागाची पेटी. एका हॅक्सॉ ब्लेडनं खाच अरुंद पडते, काच अडकते, म्हणून दोन ब्लेडं जोडून एकेक चीर ओढली. पंचवीस इकडे, पंचवीस तिकडे. ती पेटी तुला नोकरी लागली तेव्हा तुझ्या हातात दिली. ती आता नागपूरला तुझ्या खोलीवर आहे आणि मी तिच्याबद्दलच लिहितो आहे.

रविवारपासून तू फोन उचलत नाहीस. ठीक आहे. कागद उचलावाच लागतो.

तुला माहीत आहे, मी दहावी नापास, फवारणीवर लागलेला मजूर. पाठीवर पंप घेऊन समुद्रपूर तालुक्यातली सगळी गावं पालथी घातली. दुर्बीण कोणी शिकवली नाही मला. आमचे तंत्रज्ञ जेवायला गेले की त्यांच्या स्टुलावर बसून मी काचा पाहायचो. पहिल्या दोन महिन्यांत मला जंत म्हणून जो दिसला तो कापसाचा धागा निघाला. साहेब हसले. म्हणाले, "पुनाजी, आता या धाग्यायची गादी भर." मी नाही हसलो. धागा आणि जंत यांतला फरक वहीत चित्र काढून लिहिला. पुढे साहेब बदलून गेले, जागा भरली नाही, आणि गेली नऊ वर्षं काचा मीच वाचतो. पगार मजुराचाच. एकदाही वरून फेरतपासणीत माझी चूक निघाली नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे मोठेपणासाठीही सांगतो.

तू सहा वर्षांची असताना मी तुला हत्तीरोगाचे जंत दाखवले होते. दिवसा ते आत फुप्फुसांत जाऊन दडतात, रात्री साडेआठनंतर बाहेरच्या रक्तात येतात, कारण त्यांना दुसऱ्या अंगात नेणारा डास रात्रीच चावतो. म्हणून रक्त रात्रीच घ्यायचं. तू विचारलंस, "बाबा, जंताले घड्याळ कोन देल्लं?" कोणीही दिलं असो, त्यांचं घड्याळ चुकत नाही एवढं मी हजारो काचांवर पाहिलं आहे.

तुझी आजी भागाबाई पाय लुगड्याखाली लपवून चालायची. आपल्या बोलीत पायाला एक शिवी द्यायची, तुझ्यासमोर कधी दिली नाही. तू पहिल्यांदा रक्त घ्यायला शिकलीस तेव्हा तिनंच बोट पुढं केलं. म्हणाली, "टोच वं बाई, मायं आता काय जाते?" तू टोचलंस आणि ती म्हणाली, टोच ना मग. तिला कळलंच नव्हतं, इतका तुझा हात हलका. मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

आता काचांचं. तुमच्या संस्थेला आपल्या गावचं रात्रीचं रक्त घ्यायचं काम मिळालं. शंभरात एकापेक्षा कमी लोकांत जंत निघाले तर पुढची तपासणी आणि मग गावाला दरवर्षी मिळणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या बंद, हे तुला ठाऊक. त्या आठवड्यात मी तिकडे केळझरला गप्पी मासे सोडायला गेलतो. परत आलो तर तुझी आई खुशीत. म्हणाली, "पोरगी आलती. रोज चार वाजता चहा पिली, गाडी घेऊन दिवे लागायच्या आत गेलीबी." मी तीन दिवस त्याच आनंदात. पोरगी गावच्या कामाला आली, आपल्या चुलीचा चहा पिऊन गेली. हिशेब घातला नाही. मी, जो टाकीतले मासे मोजतो, त्यानं घड्याळ मोजलं नाही. ही चूक माझी, ती आधी लिहून ठेवतो.

मग फेरतपासणीसाठी काचा माझ्याकडे आल्या. तीनशे बारातल्या एकतीस. सुंदर काचा, ज्योत्स्ना. रक्त सारखं पसरलेलं, पाण्यात नीट धुतलेलं, रंग कुठं साचलेला नाही. तुझा हात मी लगेच ओळखला आणि छाती फुगली. सगळ्या कोऱ्या. एकही जंत नाही. मी नोंदवही उघडली, सही मारायला पेन काढला आणि गुलाबच्या नावापुढं 'रक्त घेतल्याची वेळ' हा रकाना दिसला. रात्री नऊ चाळीस.

गुलाब जाम गावच्या ढाब्यावर तंदूर सांभाळतो. संध्याकाळच्या एसटीनं जातो, सकाळच्या एसटीनं येतो, चार वर्षं झाली. नऊ चाळीसला त्याचे हात भट्टीत असतात.

त्याला विचारलं. म्हणाला, "काका, मी त झोपून होतो. तुई पोरगी तीन वाजता उठवून गेली मले. पन हात लय हलका आहे, समजलंबी नाई." कौतुक करत होता बिचारा.

मी जामला गेलो. ट्रकवाले जेवत होते, गुलाबनं पीठ पुसून बोट दिलं, दहा वाजून पाच मिनिटं. ढाब्याचा मालक म्हणाला, "काय पुनाजी, आता रोटीतबी जंत पाह्यता का?" पुढच्या दोन रात्री, आपल्या आरोग्यसेविकेला सोबत घेऊन, गावात आणखी एकोणचाळीस जणांचं घेतलं. एकूण चाळीस. तिघांत जंत. एक गुलाब. दुसरा मोठ्या वाड्यातला भागीरथा. तिसरी आनंदाबाईची नात, सात वर्षांची. सात वर्षांच्या पोरीच्या रक्तात जंत म्हणजे ते जुने नाहीत, डास आजही नेऊन सोडतो आहे. तुझ्या काचेवर तीच पोर कोरी आहे. तिची वेळ तू लिहिली आहेस रात्री नऊ दहा.

शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, सगळेच वेळ मागाहून टाकतात, गाडीवाला सहाच्या पुढं थांबत नाही, दोघी पोरी अंधारात कुठं फिरणार. हे मला पटतं. खरंच पटतं. दोन पोरींना रात्री गाडी न देणाऱ्याची चूक तुझ्या माथी मी मारणार नाही. पण मग रकाना कोरा ठेवायचा होता. कोऱ्या रकान्यानं कोणाचा पाय सुजत नाही. तू तिथं नऊ चाळीस लिहिलंस, आणि पेन उचलताना तुला ते सहा वर्षांचं वय आठवलं असणार, मी पैजेवर सांगतो.

सोमवारी तुमच्या संस्थेचे अण्णाजी साहेब घरी आले. मी त्यांना बसायला पाय धुवायचं स्टूल दिलं, मुद्दाम. बोलता बोलता ते सारखे उजवीकडे सरकत होते. म्हणाले, "पुनाजी, चाळीस काचा आहेत. घरात मांजर असते, काचा फुटतात." मी म्हटलं, आमच्याकडे मांजर नाही. मग म्हणाले, "तू दहावी नापास. तुया काचाले वर कोन मानते?" मी म्हटलं, साहेब, जंताले काय मालूम मी नापास हाओ का पास. तो आपला रात्री निघते. तुझी आई आत फसकन हसली आणि साहेबांचा चेहरा उतरला. मग आवाज खाली आणून त्यांनी खरं बोलणं काढलं. ते शेवटी लिहितो.

माझ्या अहवालात तीन परिच्छेद आहेत. पहिल्यात चाळीस काचा, नावं, वेळा. दुसऱ्यात दिवसा घेतलेल्या तीनशे बारा काचा, आणि घेणारीचं नाव जसं वहीत आहे तसं. मी ते गाळलं नाही, गाळलं असतं तर मीही रकाना भरणारा झालो असतो. तिसऱ्यात लिहिलं आहे की संस्था रात्री गाडी देत नाही, पोरींना सहाला परत नेते, म्हणून दोष आधी संस्थेचा. उद्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं वर्ध्याला जिल्हा कार्यालयात जाऊन मी तो हातानं देणार आणि पोच घेणार. तू शनिवारी ये. पेटी घेऊन ये. तीनशे बारा आपल्याच माणसांची बोटं आहेत, तुझ्या हाताला कोणी नाही म्हणणार नाही. रात्री साडेआठला कंदील मी धरतो, आरोग्यसेविका येते म्हणाली आहे. नव्या वहीत वेळ तू लिही, खरी. नाही आलीस तर मी एकटा घेईन, पण माझा हात जड आहे, आनंदाबाईची नात रडली होती.

आता ज्यासाठी हा कागद घेतला ते. अण्णाजींनी अजून तुला सांगितलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून तुला कळावं असं मला नको. चाळीस काचा फुटल्या असत्या तर मला त्यांच्याकडे पर्यवेक्षकाची जागा होती, पदनाम पाटीवर, दुर्बीण नवी. आणि तुझी नोकरी, जी दर अकरा महिन्यांनी तुटते, ती कायम. तसं छापील पत्र त्यांनी आणलं होतं, तुझं नाव टाइप केलेलं, फक्त सही बाकी. मी ते वाचलं, दोनदा वाचलं, घडी घालून त्यांच्या खिशात परत ठेवलं. माझ्या जागेला नाही म्हणायचा हक्क माझा होता. तुझ्या जागेला नाही मी तुला न विचारता म्हटलं. त्याबद्दल रागव, शनिवारी समोर बसून रागव. रक्कम लपवत नाही: मला आज अकरा हजार चारशे मिळतात, ते देत होते दरमहा बत्तीस हजार, आणि तुला अठ्ठावीस.

तुझाच,
बाबा