छावणीचं पाणी

१८ ऑगस्ट १९४६, रविवार

बराक मिळवली! लष्कर गेल्यापासून छावणी ओस पडली होती. आज आम्ही अकरा कुटुंबं हातगाड्या घेऊन सरळ आत शिरलो. दारावर खडूने नाव लिहिलं की बराक आपली. भांडण नाही, तंटा नाही — उलट फाटकापाशी सगळे रांगेत उभे राहिले! बेकायदा घुसायलासुद्धा आम्हा इंग्रज लोकांना रांग लागते.

लढाईवरून परतलेल्या माझ्या नवऱ्याने, हर्बर्टने, आईच्या कोचावर किती दिवस झोपायचं? सासूबाईंचे टोमणे संपले. पत्र्याचं का होईना, आपलं छप्पर! फार आनंद झाला आहे.

२१ ऑगस्ट

नगरसेवक स्टॉब्स आले. गेल्या वर्षी याच गृहस्थांच्या मजूर पक्षासाठी मी दारोदार मतं मागितली. घरं बांधायला विटा नाहीत, लाकूड नाही, देशाकडे पैसा नाही — सगळा पाढा वाचून झाला. मग म्हणाले, "मिसेस टॅटरसॉल, घरांसाठी नाव नोंदवून थांबलेल्यांची रांग तुम्ही मोडलीत."

हे मात्र झोंबलं. म्हटलं, रांग पुढे सरकतच नसेल तर ती रांग कसली? युद्धात पाव तरी हवा तेवढा मिळायचा, आता तोही रेशनवर. सरकार आमचंच आहे, म्हणून काय गप्प बसायचं? गृहस्थ टोपी घालून निघून गेले.

२४ ऑगस्ट

छावणीचं पाणी तोडणार म्हणे! बायका घाबरल्या. शेजारच्या मिसेस पिकल्सचं बाळ तर दोन महिन्यांचं. ती सामान बांधायला लागली.

मी तिला थांबवलं. सगळ्यांसमोर सांगितलं, नळाची किल्ली नगरपालिकेच्या पाणीखात्यात असते, आणि माझा नवरा त्याच खात्यात आहे. हर्बर्ट किल्ली कालव्यात फेकेल, पण पाणी बंद करणार नाही. बायकांचा जीव भांड्यात पडला. हर्बर्ट पाइप ओढत बसला होता. हो नाही की नाही नाही. तो तसा अबोलच.

२६ ऑगस्ट

पाणी छान येतंय. पडदे धुतले.

२७ ऑगस्ट

दुपारी नळ कोरडे पडले. मस्तकात तिडीक गेली! आवराआवर, रडारड काही करू दिलं नाही. पोरांची घाण झालेली दुपटी गोळा केली, बाबागाड्यांत भरली आणि आम्ही सगळ्याजणी थेट नगरभवनात. तिथल्या चकचकीत बेसिनांत दुपटी धुतली आणि संगमरवरी जिन्याच्या कठड्यावर ओळीने वाळत घातली. शिपाई हसू दाबत होता.

स्टॉब्ससाहेब जिन्यापर्यंत आले आणि थबकले. ओल्या दुपट्यांमधून वाट काढत साहेब जाणार कुठे! तासाभरात बैठक झाली. पाणी लगेच सुरू, आणि छावणी नगरपालिका ताब्यात घेणार — आम्ही रीतसर भाडेकरू! मिसेस पिकल्स माझ्या गळ्यात पडून रडली. जिंकलो!

२८ ऑगस्ट

न्याहारीच्या वेळी हर्बर्टने आपणहून सांगितलं — नळ त्यानेच बंद केला होता.

"नोकरी गेली असती. आणि तू तो पुन्हा सुरू करून घेशील, याची मला खात्री होती."

आज त्याला डबा दिला नाही.