धाकटी पोहते

शनिवार, ४ जानेवारी

पोचलो! म्हणजे शरीर पोचलंय, पोट अजून मागेच कुठंतरी आहे.

कॉलेजपासून आम्ही चौघी घोकत होतो — एकदा आठवडाभर बेटं हिंडायची, तंबूत राहायचं, समुद्रात उड्या मारायच्या. पन्नाशी उलटल्यावर मुहूर्त लागला, आणि ऐन वेळी आमच्यातल्या चौथीच्या मुलीचं बाळंतपण निघालं. जागा फुकट कशाला घालवायची, म्हणून आमचे हे म्हणाले, "धाकटीला ने की!" धाकटी म्हणजे माझी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हापासून एकाच ओट्याशी आमची कोपरं एकमेकींना लागतायत. त्या ओट्यापासून सुटका म्हणून मी निघाले, तर ओटाच बरोबर आला!

तंबू दोन. दोघी मैत्रिणी, मास्तरीण आणि डॉक्टरीण, एकात. दुसऱ्यात कोण, ते लिहायला नको.

रविवार, ५ जानेवारी

मास्तरीण शाळेत खेळ शिकवते. शिट्टी घेऊन आलीय. उजाडायच्या आत वाजवली. दातांची डॉक्टरीण म्हणाली, "ही शिट्टी मी तुझ्या घशातून काढणार नाही, आत्ताच सांगते."

मग डोंगर. "हा काय डोंगर आहे? टेकाड आहे!" इति मास्तरीण. अर्ध्यावर तीच बसली — 'देखावा बघायला'. डोळे मिटून बघत होती.

धाकटी वर जाऊन परत खाली आली.

"ताई, बॅग द्या."

"नको."

दिली. वर राग आला तो आलाच. घरी डबेसुद्धा ती अशीच न विचारता उचलते आणि आपल्या पद्धतीनं लावते.

सोमवार, ६ जानेवारी

दिवसभर बोट. दिवसभर उलट्या. समुद्र फार सुंदर असतो म्हणे.

मंगळवार, ७ जानेवारी

दुसरं बेट. आमची बोट जिची आहे ती नाववाली इथलीच. उन्हानं रापलेली, आवाज खणखणीत. पोटात काही ठरत नाही असं मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "उद्या वल्हवायचंय. खा."

आज तोंडात नळी धरून मासे बघायचे होते. मैत्रिणी गेल्या. मी काठावर. पोस्टात काउंटरवर उभं आयुष्य गेलं, मला काचेपलीकडची माणसं पुरेत. धाकटीही माझ्याजवळ बसून राहिली, कपडे गुडघ्यापर्यंत वर धरून. म्हटलं, जा की. "नको, तुम्ही एकट्या पडाल." एकटं पडायलाच मी आले होते, बाई!

दिवसभर पाण्याकडे बघत होती. मी दोनदा हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही.

बुधवार, ८ जानेवारी

अक्षर वाकडंतिकडं येतंय, चष्मा नाही.

या बेटावरून समोरच्या छोट्या बेटावर वल्हवत जायचं. दोघींना एक अशा अरुंद नावा. मास्तरीण म्हणाली, "तू माझ्याबरोबर ये, मला अनुभव आहे." तो अनुभव शाळेतल्या तलावाचा होता, हे मधोमध कळलं. लाट आडवी आली, ती उभी राहिली, नाव उलटली.

अंगात जॅकेट होतं, म्हणून बुडाले नाही. पण पाणी ओढत होतं, खडकांकडे. चष्मा गेला. नाका-तोंडात खारट. मास्तरीण नावेला कवटाळून "हातपाय हलव! हातपाय हलव!" ओरडत होती. मी हलवत होते — आणि जास्तच लांब जात होते. एवढंच डोक्यात आलं की घरच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे, आता ते यांना उघडणार कसं!

मग हनुवटीखाली एक हात आला.

"ताई, माझ्याकडे बघा. पाय झाडू नका. मला लाथा मारायच्यात त्या घरी गेल्यावर मारा."

धाकटी! दुसऱ्या नावेतून उडी टाकून आली होती. मला उताणं केलं, नि एका हातानं पाणी कापत निघाली. दमली नाही, ओरडली नाही. मी फक्त आकाश बघत होते आणि तिचा श्वास ऐकत होते. काठावर टेकल्यावर मला पालथं करून पाठीवर थापट्या दिल्या. अंमळ जोरातच दिल्या. असू दे.

गुरुवार, ९ जानेवारी

"कुठं शिकलीस गं?"

"लग्नाआधी स्पर्धांमध्ये पोहायचे. राज्याकडून."

"घरात कुणाला माहीत नाही!"

"सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, केस ओले राहिले की सर्दी होते."

आणि हसायला लागली. मीही. डॉक्टरीण बघायला आली काय झालं म्हणून. तिला सांगता येईना.

दुपारी ती पुन्हा पाण्यात गेली. यांच्या जुन्या टी-शर्टात. तो मीच दिला. नाववालीची पोरांची पोहण्याची शाळा आहे; शिकवणारी लग्न करून गेलीय. पोरं धाकटीमागून बदकांसारखी! नाववाली कमरेवर हात ठेवून नुसती बघत होती.

शुक्रवार, १० जानेवारी

जे व्हायचं ते झालं. नाववालीनं विचारलं, "सीझनभर थांबशील? खोली आहे माझ्या घरात." आणि धाकटी हो म्हणाली! विचार करते, विचारून सांगते, असं काही नाही. हो.

मास्तरीण भडकली. "असं कुणी राहतं का? नवरा आहे, सासू आहे!" डॉक्टरीण म्हणाली, "लेक वसतिगृहात, नवरा धडधाकट. दोन हात आहेत त्याला." दोघी भांडल्या, आणि जिचं भांडण ती शांतपणे केस पुसत होती.

नाववालीच्या फोनवरून तिनं भावजींना कळवलं. मला एकच बाजू ऐकू आली. "नाही, रागावून नाही... नाही हो, कुणी काही बोललं नाही... मला राहायचंय म्हणून." मग "पुन्हा तेच का विचारताय?"

तंबूत मी म्हटलं, "मला विचारावंसं नाही वाटलं तुला?"

"वाटलं. पण मग तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते घरी तुमच्यावर शेकलं असतं."

"पायावरून ती चादर घे," म्हटलं.

शनिवार, ११ जानेवारी

निघालो, तिघी. ती धक्क्यावर आलीच नाही. पाण्यात होती, एका रडक्या पोरीचे दोन्ही हात धरून. मास्तरणीनं शिट्टी फुंकली. पोरंच तेवढी वळून बघायला लागली.

चष्मा नाही, म्हणून फार वेळ दिसली नाही.

रविवार, १२ जानेवारी

घरी. चपला काढायच्या आधीच भावजी समोर. "वहिनी, एवढंच सांगा — हे खूळ तिच्या डोक्यात घातलं कुणी?"

"मी."

सासूबाई म्हणाल्या, "घर फोडलंस!"

हो म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही मला. जमलं.